विंचवाचे बिऱ्हाड आणि सर्वांची वहिवाट

प्रवासवर्णने आपण आवडीने वाचतो. प्रवासाची आखणी मात्र कोणी वाचत नाही, आणि लिहीत तर नाहीच. आखणी म्हणजे कारकुनी काम, असा आपला समज. अंतरे मांडावीत, खर्चाची बेरीज करावी आणि कागदाची घडी घालून खिशात टाकावी. खरा प्रवास पुढेच आहे! मलाही गेल्या डिसेंबरपर्यंत असेच वाटत होते. ज्या प्रवासाबद्दल मी लिहिणार आहे तो अजून झालेला नाही. व्हिसाच्या एखाद्या कागदावाचून तो अडेलही. तरीसुद्धा त्याच्या आखणीने मला जे शिकवले ते आजच सांगावे असे वाटते. कारण प्रवास झाल्यावर माणूस फक्त फोटो दाखवतो.

हकिकत अशी. माझे मामा गेली अठरा वर्षे जर्मनीत हॅम्बर्गला असतात. गेल्या दिवाळीत त्यांनी एक जुनी मोटारगाडी विकत घेतली. साधी मोटार नव्हे. आत दोन बिछाने, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, छोटा फ्रीज आणि कपाटाएवढे न्हाणीघर असलेली, सात मीटर लांबीची. इंग्रजीत तिला मोटरहोम म्हणतात. आजीला फोनवर तिचे चित्र दाखवले तेव्हा ती म्हणाली, "ही तर बिऱ्हाडगाडी!" तेव्हापासून आमच्या घरात तिला तेच नाव पडले. मामांचा बेत असा की, मेअखेर आजीला तिकडे न्यायचे, सोबतीला मला, आणि मामा, मामी, आजी व मी अशा चौघांनी या बिऱ्हाडगाडीतून चोवीस दिवस डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड आणि नॉर्वे पाहायचे.

"तू भूगोल घेतलायस ना?" मामा म्हणाले. "मग नकाशा तू काढ. मला फक्त एक ठिकाण हवंय. नॉर्थ केप. बाकी सगळं तुझं."

आजीने फोन माझ्या हातातून घेऊन एकच प्रश्न विचारला. "अरे, पण रात्री गाडी उभी कुठे करणार? कुणाच्या दारात? त्यांना विचारलंयस का?"

मामा हसले. मीही हसले. तिकडे माणसेच कमी, दारे कुठून येणार, असे काहीतरी उत्तर दिल्याचे मला आठवते. त्या हसण्याची मला पुढे लाज वाटली. तेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

सुरुवात मी उत्साहाने केली. भूगोलाच्या सरांकडून मोठा नकाशासंग्रह आणला आणि भिंतीवर दोरा लावून अंतरे मोजली. पूर्वी डेन्मार्कच्या बेटांमधून स्वीडनला जायचे तर बोटी बदलाव्या लागत. १९९८ मध्ये स्टोरेबेल्टचा आणि २००० मध्ये ओरेसुंडचा पूल वाहतुकीला खुला झाल्यापासून हॅम्बर्गहून निघालेली गाडी चाक पाण्याला न लावता स्वीडनमध्ये पोहोचते. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन करारात आहे. म्हणून एका व्हिसावर चारही देश होतात. चलने मात्र चार देशांत चार: डॅनिश क्रोन, स्वीडिश क्रोना, नॉर्वेजियन क्रोन आणि फिनलंडचा युरो.

मग वजनाचा हिशेब आला. मोटार चालवण्याच्या युरोपातल्या साध्या परवान्यावर ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. मामांची रिकामी गाडी २९५० किलोची. उरले साडेपाचशे. त्यात आम्ही चौघे मिळून अडीचशे, टाकीतले शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो; राहिले दोनशे. त्यात गॅसची टाकी, भांडीकुंडी, पांघरुणे, कपडे आणि आजीचे स्वयंपाकघर! आजीने यादी दिली: उकडे तांदूळ, कुळथाचे पीठ, आमसुले, दोन नारळ आणि डबाभर साजूक तूप. तूप नेता येत नाही, हे मला तिला सांगावे लागले. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. नारळ मात्र चालतो. ज्या थोड्या फळांना रोगमुक्तीचा दाखला लागत नाही त्यांत नारळ बसतो. "शहाणे लोक आहेत," आजी म्हणाली. "लोणी तिथेच घेऊ, कढवीन मी."

इथपर्यंत सर्व गंमत होती. नंतर मी अंतरांची बेरीज केली. हॅम्बर्गहून स्वीडन आणि फिनलंडमार्गे नॉर्थ केप, आणि तिथून नॉर्वेच्या किनाऱ्याने परत, हा फेरा सुमारे ६५०० किलोमीटरचा होतो. चोवीस दिवसांनी भागले तर रोजचे २७०, एकही दिवस विश्रांती न घेता. नॉर्वेत गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, आणि वळणे, बोगदे, फेरीबोटी धरल्या तर पन्नासाची सरासरी पडली तरी पुष्कळ. म्हणजे रोज पाच-सहा तास काचेआड बसायचे. आजीला आपण युरोपचा उत्तर भाग दाखवणार, की गाडीच्या खिडकीची चौकट?

मी हा आकडा मामांना लगेच सांगितला नाही. कारण त्याच सुमारास मला एक मोठा शोध लागला होता आणि त्याच्या आनंदात मी बाकी सर्व विसरले होते.

उत्तरेकडच्या या देशांत एक जुना हक्क आहे. स्वीडिश भाषेत त्याला 'आलेमान्सरेत्तेन' म्हणतात; शब्दशः अर्थ, प्रत्येक माणसाचा हक्क. जमीन कोणाचीही असो, रान, डोंगर, तळे यांवर चालण्याफिरण्याचा सर्वांना अधिकार आहे. स्वीडनमधले निम्मे जंगल खासगी माणसांच्या मालकीचे आहे. तरीही परका माणूस त्यातून चालत जाऊ शकतो, एखादी रात्र तंबू ठोकू शकतो, रानातली फळे आणि अळंबी वेचू शकतो, तळ्यात पोहू शकतो. मालकाची परवानगी मागावी लागत नाही. १९९४ पासून या हक्काचा उल्लेख स्वीडनच्या राज्यघटनेत आहे. नॉर्वेने १९५७ साली त्याचा कायदा केला. फिनलंडमध्येही तो आहे. डेन्मार्क लहान आणि शेतीने भरलेला. तिथे इतकी मोकळीक नाही.

आपल्या भाषेत या हक्काला काय म्हणावे, याचा मी बरेच दिवस विचार केला. 'मुक्त संचार' हा शब्द वर्तमानपत्री वाटतो. अखेर आपल्या खेड्यातलाच एक शब्द सापडला: वहिवाट. जमीन माझी, पण तिच्या बांधावरून विहिरीकडे जाण्याची वाट तुझी. पिढ्यानपिढ्या पाय पडत आले म्हणून ती तुझी. फरक एवढाच की, आपली वहिवाट या घराची किंवा त्या वाडीची असते. त्यांची वहिवाट सर्वांची आहे, काल विमानातून उतरलेल्या परक्याचीसुद्धा.

या हक्काचे नियम वाचताना मला एखादी सुंदर कविता वाचल्यासारखे वाटले. नॉर्वेत तंबू वस्तीच्या घरापासून किमान १५० मीटर दूर हवा. वस्तीच्या आसपास एका जागी दोनच रात्री. उंच डोंगरात जास्त चालतात. पिकाच्या शेतातून जाता येत नाही, पण हिवाळ्यात तेच शेत गोठून बर्फाखाली गेले की त्यावरून चालायला हरकत नाही. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर रानाजवळ परवानगीवाचून उघड्यावर विस्तव पेटवायचा नाही. स्वीडनमध्ये शाळेतल्या मुलांनाही सांगतात ते सार तर दोनच गोष्टींत मावते: कोणाला त्रास देऊ नका, कशाचीही नासधूस करू नका.

मी मामांना फोन केला. "मामा, चोवीसपैकी वीस रात्री फुकट! कुठल्याही तळ्याकाठी गाडी उभी करायची!" मामा खूश झाले. त्यांनीही असेच काहीतरी ऐकले होते. आम्ही दोघांनी नकाशावर वीस तळी निवडून टाकली.

आणि मग मी नियम शेवटपर्यंत वाचले.

ही वहिवाट पायांची आहे, चाकांची नाही. चालणारा, पोहणारा, बर्फावरून घसरत जाणारा, वल्हे मारणारा, यांना ती आहे, मोटारीला नाही. स्वीडनमध्ये रस्ता सोडून रानात वाहन घालायला १९७५ च्या कायद्याने मनाई आहे, नॉर्वेत १९७७ च्या. रस्त्याकडेच्या विसाव्याच्या जागी, फलकाने मनाई केली नसेल तर, गाडी उभी करता येते. पण तो वाहतुकीच्या नियमांचा प्रश्न झाला. 'प्रत्येक माणसाचा हक्क' बिऱ्हाडगाडीच्या दाराशी संपतो. दार उघडून खाली पाय ठेवला की तो सुरू होतो.

पहिल्यांदा मला राग आला. तंबूतल्या माणसाला एक न्याय आणि गाडीतल्या माणसाला दुसरा का? आम्हीही रात्रभर झोपणारच ना? पण चार दिवस विचार केल्यावर माझे मत पार बदलले, आणि आज मी ते ठामपणे मांडते: हा भेद न्याय्य आहे, आणि तो आहे म्हणूनच ही वहिवाट शिल्लक राहिली आहे.

चालणाऱ्या माणसाला त्याची पाठच आवर घालते. जे पाठीवर मावेल तेवढेच तो नेणार, थकेल तिथेच थांबणार. रस्त्यापासून दूर जायचे तर त्याला घाम गाळावा लागतो, त्यामुळे फार थोडे लोक फार दूर जातात आणि रानाच्या वाट्याला थोडे थोडे येतात. चाकाला थकवा नाही. साडेतीन हजार किलोचे घर एका दिवसात तीनशे किलोमीटर येते आणि जिथे रस्ता सुंदर वळण घेतो नेमके तिथेच थांबते. त्याच्या मागून दुसरे, दुसऱ्यामागून दहावे. सगळ्यांना तेच वळण आवडलेले असते!

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो आणि त्याच्या सुटसुटीतपणाचे कौतुक करतो. पण विंचवाला नांगीही असते, हे त्या म्हणीत येत नाही. बिऱ्हाडगाडीची नांगी म्हणजे तिच्या पोटातली मैल्याची पेटी आणि सांडपाण्याची टाकी. पेटी वीसएक लिटरची. चार माणसांत दोन दिवसांत भरते. ती रिकामी करण्याच्या जागा ठरलेल्या असतात, आणि आखणी करताना नकाशावर तळ्यांआधी त्या जागा शोधाव्या लागतात. ज्याने त्या शोधल्या नाहीत त्याची नांगी कोणाच्या तरी ओढ्याला लागते.

नॉर्वेच्या लोफोटेन बेटांत हे घडते आहे. समुद्रातून सरळ उभे राहिलेले डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी लाल लाकडी घरे, अशी ही चित्रातली बेटे. तिथे राहणारी माणसे सुमारे पंचवीस हजार. त्यांना मुख्य भूमीशी जोडणारा, फेरीबोट न लागणारा रस्ता २००७ मध्ये पूर्ण झाला. आता उन्हाळ्यात त्या एकाच अरुंद रस्त्यावर बिऱ्हाडगाड्यांची रांग लागते, आणि गावोगावी वाळूच्या किनाऱ्यांजवळ रात्रीच्या मुक्कामाला मनाई करणारे फलक उभे राहिले आहेत. आइसलंडची गोष्टही बोलकी आहे. २०१५ मध्ये अमलात आलेल्या निसर्गसंरक्षणाच्या कायद्याने तिथे ठरावीक तळांबाहेर, जमीनमालकाच्या परवानगीवाचून, गाडीत रात्र काढण्यास बंदी झाली. कोणतीही वहिवाट बहुधा एका दिवसात बुजत नाही. एकेक जण तिचा थोडा गैरवापर करतो, मग कोणीतरी कुंपण घालतो, आणि कुंपण घालणाऱ्याला आपण दोष देतो.

आता माझ्याच मतावरचा सर्वांत मोठा आक्षेप मांडते, कारण तो आमच्याच घरात बसला आहे. आजी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. दीडशे मीटर दगडाधोंड्यांतून चालत जाऊन तंबूत जमिनीवर झोपणे तिला या जन्मी शक्य नाही. 'प्रत्येक माणसाचा हक्क' म्हणायचे आणि तो फक्त धडधाकट पायांना द्यायचा, हा कुठला न्याय? तिच्यासाठी चाके हेच पाय आहेत. बिऱ्हाडगाडी मामांनी घेतली तीच मुळात तिच्यासाठी. पथ्याचे जेवण, जवळ न्हाणीघर, दुपारी आडवे व्हायला बिछाना.

हा आक्षेप खरा आहे आणि तो मी खोडून काढू शकत नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो. आजीला तळ्याकाठची रात्र मिळायला हवी, पण ती हक्काने बळकावलेली नव्हे, मागून घेतलेली. या सर्व देशांत पाण्याकाठी गाड्यांचे तळ आहेत. तिथे वीज, पिण्याचे पाणी, मैला रिकामा करण्याची सोय आणि सपाट जमीन असते. आजीच्या काठीला सपाट जमीन हवी. नॉर्वेत एका रात्रीला साधारण तीनशे ते पाचशे क्रोनर पडतात. वीस रात्रींचा रुपयांतला हिशेब आजीला सांगायचे धाडस मला झालेले नाही. तो पैसा वाया जातो असे मला आता वाटत नाही. ज्या गावाच्या नळाचे पाणी आपण पितो आणि ज्याच्या गटारात आपली घाण सोडतो, त्या गावाला काही देऊन जावे, यात गैर काय? आणि आजीच्या नावावर आम्ही धडधाकट तिघांनी फुकटची वहिवाट उकळू नये, एवढे तरी पाळता येईल.

"कुणाच्या दारात?" हा आजीचा प्रश्न मला पुन्हा आठवला तो आणखी एका कारणाने. नकाशाच्या वरच्या भागात मोठमोठे मोकळे पट्टे होते, आणि मी त्यांवर पेन्सिलीने 'निर्मनुष्य' असे लिहिले होते. तो भाग सामी लोकांचा देश आहे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया यांच्या सीमा त्यावरून नंतर आखल्या गेल्या. सामींपैकी काही कुटुंबे आजही रेनडिअरचे कळप राखतात. आम्ही जाणार ते मे-जूनचे दिवस म्हणजे रेनडिअरच्या माद्यांची विण्याची वेळ. कोणी जवळ गेले तरी कळप बिथरतो. नॉर्वेत म्हणूनच १ एप्रिल ते २० ऑगस्ट कुत्र्याला दोरीवाचून रानात सोडता येत नाही. फोसेन भागात वाऱ्यावर वीज निर्माण करण्याच्या मोठ्या प्रकल्पाला दिलेली परवानगी २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवली. कारण ज्या जमिनीवर तो उभा राहिला ती कळपांच्या चराईची होती, आणि तिथल्या सामींच्या संस्कृतीचा हक्क त्याने डावलला होता. नकाशावर मोकळी दिसणारी जागा दुसऱ्या कोणाची वहिवाट असते. 'निर्मनुष्य' हा शब्द मी खोडरबराने पुसला. त्याचा वण अजून कागदावर आहे.

त्याच भागात स्वीडनचे किरुना शहर आहे. लोखंडाच्या खाणीवर ते वसले आणि आता त्याच खाणीमुळे जमीन खचू लागल्याने शहराचा मध्यभाग दुसरीकडे हलवत आहेत. तिथले लाकडी चर्च १९१२ सालचे, वजन ६७२ टन. ऑगस्ट २०२५ मध्ये ते आख्खेच्या आख्खे चाकांच्या वाहनावर चढवून दोन दिवसांत पाच किलोमीटर दूर नेले. त्याचे चित्रण पाहताना मला आमची बिऱ्हाडगाडी आठवली. आम्ही घर चाकांवर घालतो ते मौजेखातर. कोणाला ते नाइलाजाने घालावे लागते. अशा गावातून जाताना निदान आपल्या मोकळेपणाची फुशारकी मारू नये.

आता राहिले नॉर्थ केप. २७० किलोमीटरांचा आकडा अखेर मी मामांना सांगितला, आणि सुचवले की ते टोक सोडून द्यावे. नार्विकहून तिथे जाऊन यायला सुमारे पंधराशे किलोमीटर खर्च होतात. मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, पाचवीच्या पुस्तकात वाचलं होतं मी. युरोपचं टोक. तिथे मध्यरात्री सूर्य असतो. चाळीस वर्षं डोक्यात आहे ते. टोकापर्यंत जायचंच नाही, तर निघायचं कशाला?"

यावर मी त्यांना भूगोल सांगितला. नॉर्थ केप हे युरोपचे टोक नाहीच. एक तर ते मागेरोया नावाच्या बेटावर आहे. १९९९ पासून समुद्राखालच्या बोगद्याने तिथे रस्ता जातो. दुसरे असे की, त्याच बेटावर शेजारी क्निव्हशेलोदेन नावाची एक ठेंगणी, बोडकी जिभेसारखी भूमी समुद्रात गेली आहे, आणि ती नॉर्थ केपपेक्षा सुमारे दीड किलोमीटर अधिक उत्तरेला आहे. मग जग नॉर्थ केपला का जाते? कारण तिथला कडा ३०७ मीटर उंच आणि दिमाखदार आहे, आणि तिथवर गाडी जाते. क्निव्हशेलोदेनला रस्ता नाही. नऊ किलोमीटर चालत जायचे, नऊ किलोमीटर चालत परत. उत्तरेचे टोकसुद्धा पायांच्या वाटेवरच आहे. चाकांनी जिथवर जाता आले त्यालाच लोकांनी टोक म्हटले.

मामांनी फोन ठेवला. आठवडाभर त्यांचा फोन नाही. मी फार शहाणपणा केला, असे आईने मला ऐकवले, आणि ते खोटे नव्हते. चाळीस वर्षे जपलेले स्वप्न एखाद्या विद्यार्थिनीने आकडेमोडीने मोडावे का? हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. आठव्या दिवशी मामांचा निरोप आला. "टोक रद्द. पण एक अट. लोफोटेनमध्ये एक रात्र मी एकटा डोंगरावर तंबूत राहणार. दीडशे मीटरांच्या पलीकडे. हक्क आहे माझा!" मामा बावन्न वर्षांचे आहेत आणि घरातून बाहेर पडून जमिनीवर झोपल्याला त्यांना वीस वर्षे झाली असतील. त्यांनी तंबू विकत घेतला आहे. मामी म्हणतात, ते रोज संध्याकाळी पाठपिशवीत पुस्तके भरून जिने चढतात.

नवी आखणी अशी झाली. डेन्मार्क आणि स्वीडनमधून वर किरुना. तिथून ई-१० नावाच्या रस्त्याने नार्विक आणि लोफोटेन. हा रस्ता जिथे संपतो त्या गावाचे नाव एकाच अक्षराचे आहे आणि ते अक्षर नॉर्वेजियन वर्णमालेतले शेवटचे. उच्चार साधारण 'ओ'. पुढे बोटीने बोडो, मग ट्रॉनहाइम, ओस्लो आणि तिथून रात्रीच्या मोठ्या बोटीने जर्मनीतले कील. एकूण सुमारे ४००० किलोमीटर. चौदा दिवस चालायचे, दहा दिवस थांबायचे. फिनलंड वगळला. सगळे पाहण्याचा हव्यास सोडला की नकाशा किती हलका होतो!

लोफोटेनवर आजीही खूश आहे, पण तिचे कारण वेगळे. तिथे कॉड मासा मीठ न लावता, नुसत्या वाऱ्यावर, लाकडी मांडवांवर टांगून सुकवतात. साधारण फेब्रुवारीपासून मे-जूनपर्यंत. आजीचे बालपण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सुक्या मासळीच्या वासात गेलेले. "मीठ न लावता? आणि किडत नाही?" तिने तीनदा विचारले. थंडीमुळे माशी नसते, गोठण्याच्या आसपासच्या हवेत मासा सावकाश सुकतो, हे समजावल्यावर ती म्हणाली, "मग बघितलंच पाहिजे." तिला डोंगर, सूर्य, टोक यांतले काही नको आहे, तिला एका बाईने दुसऱ्या बाईला विचारावे तसे काही विचारायचे आहे. माझ्या मते आमच्या चौघांत खऱ्या प्रवाशाची दृष्टी तिच्यापाशीच आहे.

आपल्या कॉलेजातूनही दरवर्षी सहली निघतात, गडावर, समुद्रावर. त्यांच्या आखणीत गाडीची वेळ असते, नाश्ता असतो, वर्गणी असते. आपण कोणाच्या दारात उतरणार आणि मागे काय ठेवून येणार, हा रकाना त्यात मी तरी पाहिलेला नाही. पुढच्या वर्षी जे मित्रमैत्रिणी सहलीच्या समितीवर असतील त्यांनी तो एक रकाना वाढवावा, एवढीच विनंती. प्राध्यापकांनीही सही करण्यापूर्वी तो भरला आहे का, ते पाहावे.

परवा आजीला मी सांगितले की, लोफोटेनला आपण असू तेव्हा सूर्य मावळणारच नाही. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथे रात्र होत नाही. ती जरा गप्प झाली.

"मग दिवेलागण कधी करायची गं?"

मला उत्तर आले नाही. आखणीच्या कागदावर तिच्या निरांजनाला मी पन्नास ग्रॅम धरले आहेत. वेळेचा रकाना कोराच ठेवला आहे. तो ती तिथे भरील.

— तृतीय वर्ष कला (भूगोल)